अदृश्य द्रव्य आणि बोस यांचा वारसा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सूर्यापासून जो ग्रह जितका दूर, तितकी त्याची गती मंद, हे आपण शाळेत शिकतो. दीर्घिकांच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेतील गती मोजल्या. कडेकडे जाताना त्या अपेक्षेप्रमाणे मंदावत नव्हत्या. त्याआधी १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना अरुंधतीकेशातील दीर्घिकांच्या गुच्छात असेच कोडे पडले होते. दिसते त्याहून कितीतरी अधिक द्रव्य तेथे असले पाहिजे, असा याचा अर्थ होतो.

हे द्रव्य कशाचे? त्याचे एक उत्तर आपल्या देशातील विचाराशी जोडलेले आहे. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला लेख आईन्स्टाईनना धाडला. त्यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापविला. त्या गणितातूनच पुढे असे निष्पन्न झाले की, विशिष्ट जातीचे कण अतिशीत अवस्थेत आपले वेगळेपण सोडून, दिंडीची पावले एका टाळावर पडावीत तसे, एकच तरंग होऊन वागतात. १९९५ साली रुबिडियमच्या अणूंत ही अवस्था प्रत्यक्ष सिद्ध झाली.

२००० साली हू, बरकाना व ग्रुझिनोव्ह यांनी सुचविले की, अदृश्य द्रव्य अशाच, परंतु कल्पनातीत हलक्या कणांचे असावे. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचे एकावर सत्तावीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातील एका भागाहूनही हा कण हलका! कण जितका हलका तितका त्याचा तरंग लांब. येथे ती लांबी हजारो प्रकाशवर्षे भरते. तरंगाहून लहान जागेत द्रव्य दाटू शकत नाही. म्हणूनच लहान दीर्घिकांच्या गाभ्यात द्रव्याची अपेक्षित दाटी का आढळत नाही, याचा उलगडा होतो.

परंतु कल्पना सुंदर म्हणून ती सत्य ठरत नाही. दूरच्या क्वेसारांचा प्रकाश वाटेतील हायड्रोजनमधून येतो. त्याच्या वर्णपटाचा अभ्यास करून २०१७ साली संशोधकांनी दाखविले की, कण मूळ कल्पनेहून निदान सुमारे वीसपट जड असला पाहिजे. तसे झाल्यास तरंग आखूड होतो आणि गाभ्याचा उलगडा दुबळा पडतो. त्या वायूच्या तापमानाविषयी जी गृहीते धरली, त्यांवर वाद आहे. निकाल अजून लागावयाचा आहे.

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे की, पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु बोस यांचे नाव जोडले आहे म्हणून एखादा सिद्धांत खरा मानू नये. त्यांचा खरा वारसा निर्भय गणित हा आहे. तो पुढे चालविण्याची बुद्धी आपणा सर्वांना लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.