घरच्या घरी कांतीची निगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही डॉक्टर नाही, की वक्ती नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये संसार केलेली एक साधी गृहिणी. पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, "सगळ्यांना आवडेल असा विषय घ्या. घरच्या घरी चेहरा कसा उजळावा, यावर बोला." 'उजळावा' हा शब्द कानावर पडला आणि मी हो म्हटले. त्या एका शब्दापायी माझ्या घरी काय घडले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. मात्र आधी तुमच्या उपयोगाचे सांगते. माझी कहाणी मागून.

त्वचा ही नुसती वरची शोभा नाही. ती आपल्या देहाची कुंपणभिंत आहे. बाहेरची घाण, जंतू, ऊन यांना ती अडवते आणि आतला ओलावा आत राखते. तिचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. म्हणून कोणताही घरगुती उपाय चार दिवसांत चमत्कार दाखवणार नाही, आणि जो दाखवील त्याच्याकडे संशयानेच पाहावे. निरोगी त्वचा किंचित आंबट गुणाची असते. त्या आंबटपणामुळेच ती टिकून राहते. हे ध्यानात ठेवले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात.

आपल्या आज्या-पणज्या दिवाळीत तेल लावून उटणे लावीत, त्यात मोठा शहाणपणा होता. आधी तेलाने त्वचा मऊ करायची, मग पिठाने मळ आणि जास्तीचे तेल काढायचे. साबणाइतके ते कोरडे करीत नाही. माझ्या घरचे प्रमाण सांगते. मसुरीच्या डाळीचे बारीक पीठ चार चमचे, संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड एक चमचा, नागरमोथ्याची पूड एक चमचा आणि आंबेहळद अर्धा चमचा. नागपूरची संत्री आपल्याला दूर नाहीत. साली फेकू नका, सावलीत वाळवून दळून ठेवा. पूड वस्त्रगाळ करा, नाहीतर चेहरा खरचटतो. थंडीत हे उटणे दुधात किंवा सायीत कालवावे, उन्हाळ्यात ताकात किंवा गुलाबपाण्यात. आठवड्यातून एकदा पुरे. हलक्या हाताने लावावे आणि पार वाळून तडकण्याआधीच धुऊन टाकावे. चेहऱ्यावर पिकलेल्या पुळ्या असतील तर उटणे चोळू नये.

मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला चांगली. मात्र ज्यांची त्वचा मुळात रूक्ष आहे त्यांनी थंडीत तिच्या वाटेला जाऊ नये. कोरड्या त्वचेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे अंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्याआधीच खोबरेल लावणे. अंगावरचा ओलावा तेलाखाली टिकतो. पाणी कोमट घ्या, कढत नको. ज्या मुलींना तारुण्यपिटिका येतात त्यांनी मात्र तेल हातापायांना लावावे, चेहऱ्याला नव्हे. तेलाने त्या वाढतात.

आता पायांविषयी. आपल्या मंडळात वसाहतीतल्या भगिनी आहेत तशा आजूबाजूच्या गावांतून रोवणीला जाणाऱ्याही आहेत. भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. दिवसदिवस चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचा फाटतात. टाचांसाठी रात्री पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावेत, वज्रीने हलकेच घासावेत, पुसून त्यावर कोकम तेल किंवा व्हॅसलीन चोळावे आणि सुती मोजे घालून झोपावे. आठ-पंधरा दिवस नेमाने केले तर फरक पडतो. कोकणात भेगांवर हे कोकम तेल पिढ्यान् पिढ्या वापरतात. चिखल्यांना मात्र तेल लावू नये. बेचके कोरडे ठेवणे हेच तिथे खरे औषध. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा जुन्या सुती कपड्याने टिपून घ्यावी. तरीही खाज आणि पांढरेपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

कपाळाचेही बोलले पाहिजे, कारण हळदीकुंकू हा तर आपल्या मंडळाचा प्राण. टिकलीखाली कित्येकींना खाज सुटते, आणि काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. तो देवाचा कोप नव्हे, की कोडाची लागण नव्हे. काही टिकल्यांच्या चिकट डिंकात फिनॉल जातीचे एक रसायन असते. ते रंग देणाऱ्या पेशींना मारते. म्हणून रात्री टिकली काढून ठेवावी, आणि फिकट डाग दिसू लागताच ती टिकली कायमची बंद करून डॉक्टरांकडे जावे. डाग पडलेल्या बाईला हळदीकुंकवाच्या रांगेत कोणी टाळू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता जे करू नये ते सांगते. चेहऱ्यावर लिंबू चोळू नका. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने कितीतरी पट आंबट असतो. त्याने आग होते, आणि रस अंगावर राहून त्यावर ऊन लागले तर फोड येऊन काळे डाग पडतात. खाण्याचा सोडाही नको. तो लिंबाच्या उलट टोकाचा आहे आणि त्वचेचा नैसर्गिक आंबटपणाच घालवतो. दात घासायची पेस्ट पुळीवर लावू नका. नवी कोणतीही वस्तू, मग ती घरची असो की बाजारची, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहा. केसांच्या काळ्या मेंदीला तर हे फारच लागू आहे.

तिशी-चाळिशीत गालांवर वांग येतात. बाळंतपणानंतर ते पुष्कळींना येतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घासून ते जात नाहीत, उलट गडद होतात. उन्हाने ते वाढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. आपल्या मुली स्कूटीवर बसताना डोके-तोंड ओढणीने गुंडाळतात, त्यांना हसू नका; त्या बरोबर करतात. जोडीला तीस किंवा त्याहून अधिक एस.पी.एफ. असलेले सनस्क्रीन लावावे, आणि उन्हात राहायचे असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. साऱ्या प्रसाधनांत पैसे घालण्याजोगे काही असेल तर ते हेच.

मैत्रिणींनो, आता माझी कहाणी.

माझी धाकटी मुलगी रंगाने माझ्या सासूबाईंवर गेली आहे. सावळी, तरतरीत. काही वर्षांपूर्वी तिला दाखवायचे ठरले. पाहुणे यायला महिना होता. त्याआधी एका ठिकाणाहून 'मुलगी हुशार आहे, पण रंग जरा...' असा निरोप आलेला होता, आणि तो माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. एका ओळखीच्या बाईंनी एका मलमाचे नाव सांगितले. मी औषधाच्या दुकानातून ती नळी आणली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही काही विचारले नाही. मुलगी नको म्हणत होती. मीच रोज रात्री माझ्या हाताने तिच्या चेहऱ्याला ते लावीत असे.

आठ दिवसांत चेहरा उजळला! मला कोण आनंद झाला. शेजारपाजारच्या चौघींना मी अभिमानाने ते नाव सांगितले. पाहुणे आले, गेले. ते जमले नाही ते नाहीच. पण मलम चालूच राहिले, कारण दोन दिवस बंद केले की चेहरा लाल होऊन आग होई. तीन-चार महिन्यांत गालांवर तांबड्या शिरा दिसू लागल्या, बारीक लव वाढली, पुळ्या उठल्या. उन्हात दोन मिनिटे उभे राहणेही तिला सोसेना. शेवटी नागपूरला त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी नळी पाहिली आणि मला विचारले, "हे किती दिवस लावलंत?"

त्या नळीत स्टेरॉइड होते. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितले. हे औषध ठरावीक रोगावर, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम काम करते. परंतु गोरे होण्यासाठी लावले तर रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आधी चेहरा फिका नि सुंदर दिसतो. पुढे त्वचा पातळ होत जाते. पूर्ववत् व्हायला तिला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात ती कोणाच्या लग्नाला गेली नाही, की तिने फोटो काढू दिला नाही. एका रात्री ती मला म्हणाली, "आई, मी आधी बरी होते ना गं?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते?

मलम ज्यांना सांगितले होते त्या चौघींच्या घरी मी नंतर एकेकीकडे गेले आणि खरे काय ते सांगितले. आज तुम्हां सर्वांना सांगते आहे, ते त्याच हिशेबातले राहिलेले देणे समजा.

हे माझ्या एकटीच्याच घरचे नाही. २०२३ साली आपल्याच विदर्भातल्या, अकोल्याच्या एका घरची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण सापडले. त्या तिघी एक क्रीम वापरीत होत्या आणि त्या क्रीममध्ये पारा होता. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रोगी आढळले. पारा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस उजळ दिसतो. पण तो त्वचेतून आत मुरतो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा घालण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तरीही बिनलेबलाच्या डब्या मिळतात. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि घटक लिहिलेले नाहीत, ती कितीही जवळच्या माणसाने दिली तरी घेऊ नका.

स्टेरॉइडची पुष्कळशी मलमे २०१८ साली सरकारने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली. नळीवर तांबडी उभी रेघ असली, किंवा बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असले, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नका. पावसाळ्यात गजकर्ण झाले की हीच मलमे दुकानातून आणून लावतात. खाज थांबते, पण आतून रोग पसरतो आणि मग तो औषधालाही दाद देईनासा होतो. हे रोवणीला जाणाऱ्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे. आणि माझ्यासारखे कोणी मलम आधीच पुष्कळ दिवस लावीत असेल, तर घाबरू नका, लपवूही नका. नळी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही म्हणाल, दोष मलमाचा. मला वाटते, मलमाआधी दोष माझ्या डोळ्यांचा होता. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. डबीवरचे नाव बदलले, पण आपण घरात अजून सुनेचा रंगच आधी पाहतो. शास्त्र सांगते की गोऱ्या काय नि काळ्या काय, सर्व माणसांच्या त्वचेत रंगपेशी जवळपास सारख्याच असतात. कमी-जास्त असतो तो त्यांनी बनवलेला रंग. आणि तो रंग उन्हापासून आपले रक्षण करतो. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या उन्हात सावळी त्वचा हे वैगुण्य नसून जन्मतः मिळालेली छत्री आहे. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे आपण डोळे मिटून उभ्या राहतो आणि घरी येऊन सावळ्या लेकीसाठी क्रीम विकत आणतो, हे काही बरे नव्हे.

म्हणून एवढेच सांगते. घरचा उपाय निरोगी त्वचेची निगा राखण्यासाठी आहे. रोग असेल तर डॉक्टर, आणि रंग असेल तर त्याला उपाय नको, कारण तो रोगच नाही. उटणे लावा, तेल लावा, टाचा जपा, ऊन टाळा, पोटभर भाजीभाकर खा, झोप घ्या. मुलीच्या चेहऱ्याला हात लावाल तो मायेने लावा, तिला बदलण्यासाठी लावू नका.

माझ्या मुलीचे पुढे लग्न झाले. तिला आता एक मुलगी आहे, तीही सावळीच. मागच्या दिवाळीत नातीला उटणे लावायला मी बसले तेव्हा लेक दारात उभी राहून पाहत होती. मी वाटी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला, बोटाने पीठ चाचपून पाहिले आणि म्हणाली, "हे चालेल."

माझी परीक्षा तेवढ्यात झाली.  उटण्याच्या पुड्या बांधून आणल्या आहेत; जाताना प्रत्येकीने एक न्यावी, आणि आधी कोपरावर लावून पाहावी!