ऐझॉलचे विजेतेपद आणि मालकांचे मैदान
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



राजकीय अभ्यासवर्गात फुटबॉल कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या खेळावर लक्षावधी कष्टकरी जीव टाकतात, त्याचे नियम कोण ठरवतो, हा राजकीयच प्रश्न आहे. मिझोरमच्या ऐझॉल फुटबॉल क्लबची हकीगत त्या दृष्टीने पाहावी.

२०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. ऐझॉल आठवा आला, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नववा. खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी मात्र आठव्यावर आली. कारण नवव्याच्या पाठीशी उद्योगसमूह होता. त्याला थेट प्रवेश मिळाला होता आणि त्याबरोबर अभयही. पुढे आयएसएल या खासगी स्पर्धेला शिखरावर बसवण्याच्या योजनेच्या निषेधार्थ गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर ऐझॉलला परत घेण्यात आले.

प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. मुंबई एफसीने अनेक वर्षांच्या सेवेनंतर २०१६ मध्ये त्यांना निरोप दिला होता. मुंबईत खेळलेले आशुतोष मेहता, जयेश राणे, सीरियाचा महमूद अल अमना आणि स्थानिक मिझो तरुण, अशी ही फळी. २२ एप्रिल २०१७ रोजी तिने बलाढ्य मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि अठरा सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागानचे गुण होते ३६. मुंबई एफसी त्याच वर्षी तळाला गेली.

याला चमत्कार म्हणणे हा मिझोरमवर अन्याय होईल. त्या राज्याने २०१२ मध्ये स्वतःची लीग उभारली होती आणि २०१४ मध्ये संतोष करंडक जिंकला होता. वस्तीवस्तीतून रुजलेल्या खेळाचे हे पीक होते.

आणि या पराक्रमाचे फळ काय मिळाले? २०१७ मध्ये आयएसएलमध्ये दोन नव्या संघांना प्रवेश मिळाला, तो बोली लावून. विजेता बाहेरच राहिला. २०१९ मध्ये आयएसएलला अधिकृतपणे प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला आणि ऐझॉलने जिंकलेली स्पर्धा दुय्यम ठरली. आय-लीगचा विजेता खेळाच्या बळावर वर जाण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

भांडवलाशिवाय खेळ चालेल का, असा आक्षेप येतो. ऐझॉल क्लब ही काही श्रमिकांची सहकारी संस्था नव्हे. त्याचा मालकही व्यावसायिकच. आमचा विरोध पैशाला नाही. गुणांची जागा पैशाने घ्यावी, याला आहे. शिवाय त्या भांडवलाने तरी स्थैर्य दिले काय? फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये रिलायन्सच्या भागीदार कंपनीशी केलेला पंधरा वर्षांचा करार २०२५ मध्ये संपत आला, तेव्हा आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनच थांबवले. त्याच वर्षी राष्ट्रीय संघाची धुरा सोपवली गेली ती खालिद जमील यांच्यावर!

तेव्हा साथींनो, आपली मागणी साधी आहे. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा नियम सर्वांना एकच असावा, खेळाडूंच्या वेतनाला संरक्षण असावे आणि महासंघाने जनतेला हिशेब द्यावा. आपापल्या गावातील मोकळे मैदान बिल्डरच्या घशात जाऊ न देणे, हे या लढ्यातले आपले पहिले काम आहे.