शहाण्या मुलींची नोंद



भिलाईच्या सेक्टर १०मध्ये स्वमग्नतेवर मराठीतून बोलायला बोलावलंत, तर मला एक जुनं भांडण उकरून काढायचं आहे.

केम्ब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांचा सिद्धान्त इथे बहुतेकांना ठाऊक असेल. दुसऱ्याच्या मनातलं ताडून त्याला प्रतिसाद देणं ही समानुभूती, आणि एखाद्या व्यवस्थेचे नियम हुडकून काढणं ही पद्धतशीर वृत्ती. सरासरीने बायका पहिलीत पुढे, पुरुष दुसरीत. स्वमग्नता म्हणजे या पुरुषी मेंदूचं टोक, असं त्यांनी २००२ साली मांडलं. २०१८मध्ये ६ लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांत त्यांच्या गटाला सरासरीतला हा फरक दिसलाही. तो मी नाकारत नाही. पण ती उत्तरं ज्याने त्याने स्वतःबद्दल दिलेली होती, आणि आपण मनकवड्या आहोत असं मानायला मुलींना परकरात असल्यापासून शिकवलं जातं. शिवाय या सरासरीवरून समोरच्या एका व्यक्तीबद्दल काही ठरवू नका, हे संशोधकांनीच बजावलं होतं. ते मात्र फारसं कुणी वाचत नाही.

पद्धतशीर वृत्ती मोजणारी त्यांची पहिली प्रश्नावली पुरुषांच्या मानल्या गेलेल्या विषयांकडे झुकलेली होती. २००६मध्ये तिच्यात नवे प्रश्न घालावे लागले. त्यानंतरही फरक उरला, हे खरं. तरी माझी शंका आहेच. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी एकही ठिपका न चुकवता, हात न अडखळता पुरी करणारी बाई काय करत असते? सममिती सांभाळत असते, पुढच्या चार वळणांचा हिशोब मनात ठेवत असते. आपण म्हणतो, "हात छान आहे हो हिचा." डोक्याचं नाव कुणी काढत नाही.

पुरुषी बुद्धीचं टोक ही कल्पना तशी जुनीच. व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी १९४४मध्ये ती लिहून ठेवली, आणि त्या लेखात तपशिलाने वर्णिलेली चारही मुलं मुलगेच होते. त्याच्या बऱ्याच आधी मॉस्कोत मनोविकारतज्ज्ञ ग्रून्या सुखारेवा काम करत होत्या. सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभा राहिलेल्या भिलाईला रशियन नावं काही परकी नाहीत. हे नाव मात्र इथेही कुणी घेताना मी ऐकलेलं नाही. त्यांनी १९२६मध्ये अशा सहा मुलग्यांची वर्णनं छापली आणि १९२७मध्ये पाच मुलींची. मुलग्यांचा लेख इंग्रजीत १९९६ला आला. मुलींचा यायला २०२० उजाडलं! मधल्या काळात मुली नव्हत्या असं नाही. पाहणाऱ्यांनी मुलगे शोधले, त्यांना मुलगे सापडले. एका स्वमग्न मुलीमागे चार मुलगे हे प्रमाण आपण वर्षानुवर्षं घोकलं. २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात ते तिनाच्या आसपास आलं, कारण त्यातल्या चांगल्या अभ्यासांनी आधी निदान झालेल्यांवर न विसंबता सगळी वस्ती तपासली होती.

माझ्या ओळखीतली नववीतली एक मुलगी हळदीकुंकवाला निघण्याआधी आरशासमोर वाक्यं पाठ करते. "काकू, साडी छान आहे." मग हसायचं, मग वाण घ्यायचं, मग "येते". बायका म्हणतात, पोर गुणाची आहे. घरी आल्यावर ती दिवा मालवून दोन तास पलंगाखाली पडून असते. तिच्या आजीला वाटतं, दृष्ट लागली. या मुलीला समानुभूती नाही म्हणाल, तर आजी रडत असली की हीच तिच्या पायाशी जाऊन बसते. बोलत नाही, इतकंच. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वेगळं आणि त्याच्या दुःखाने आपण हलणं वेगळं. पहिलं अवघड जातं म्हणून दुसरं नसतंच, हे कुणी ठरवलं? डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२मध्ये उलट विचारलं, की तुम्हाला तरी आमचं मन कुठे कळतं?

२०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता घेतली. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ४० मुद्द्यांची मोजणी होते, आणि तिथपर्यंत पोचायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते. वर्गात खाली मान घालून वही नेटकी ठेवणाऱ्या मुलीबद्दल ती कुणाला येणार? दंगा करणाऱ्या मुलग्याची चिठ्ठी घरी जाते, हिला "शहाणी" हा शेरा मिळतो.

म्हणून दुपारच्या सत्रात शाळांसाठी जो तक्ता तयार व्हायचा आहे, त्यात माझी एक सूचना लिहून घ्या. मुलगी वर्गात कशी वागते, याच्याशेजारी एक रकाना ठेवा: शाळेतून घरी आल्यावर पहिला तासभर ती काय करते. तो आईने किंवा आजीने भरायचा आहे, आणि मराठीतच.