ऊन लागलं तर
(कार्यकर्ता शिबिरात झालेलं बोलणं)

बायांनो, भावांनो, जमिनीच्या दाव्यांचं बोलणं दुपारी आहे. आधी उन्हाचं बोलू. मे महिन्यातला मोर्चा तोंडावर आलाय, रोजगार हमीची कामंही चालू आहेत.

मागच्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या कामावर आपला एक जवान गडी गेला. डोंगरातून उतरून त्याचा तिसराच दिवस. दुपारी तो बरळायला लागला, पाटी भलतीकडेच ओतू लागला. मुकादम म्हणाला, प्यालाय. आम्हीही तेच धरलं, खोटं कशाला बोलायचं. अंग भाजत होतं म्हणून ताप समजून वर घोंगडी टाकली. जीप येईपर्यंत संपला. कागदावर नुसतं 'आजाराने मृत्यू' लिहिलं.

तो ताप नव्हता, उष्माघात होता. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणं ही आधीची खूण. अशा माणसाला काम थांबवून सावलीत बसवा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या, बहुतेक वेळा सावरतो. पण बोलणं बिघडलं, माणसं ओळखेना, झटके आले, शुद्ध गेली, तर जिवावरचं आहे. अंगातली उष्णता तेव्हा १०४ डिग्रीच्या वर गेलेली असते. घाम थांबतोच असं नाही. खणणाऱ्या गड्याचं अंग ओलंही असतं. तेव्हा घामाकडे बघत बसू नका, डोकं ठिकाणावर आहे का ते बघा. दारूचा वास आला तरी ऊनच लागलंय असं धरा. प्यालेल्याला ऊन लवकर लागतं.

मग गाडीची वाट बघत बसायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, घागरीच्या घागरी अंगावर ओता, ओलं लुगडं पांघरून वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओल्या चिंध्या ठेवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, छातीत जातं, कुशीवर वळवा. तापाची गोळी इथं लागू पडत नाही. भगताला बोलवायचं तर बोलवा, पण पाणी ओतणं थांबवू नका. दवाखान्याच्या वाटेवरही ओततच राहा.

रोजगार हमीच्या कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधाची पेटी आहे. नसेल तर लिहून मागा, अर्जाची नक्कल ठेवा. कुणी दगावलाच तर किती वाजता पडला, पाणी होतं का, हे पंचनाम्यात घालायला लावा. त्या दिवशीची हजेरी मस्टरवर आहे का, तेही त्याच दिवशी बघा. मागच्या वेळी आम्ही ते केलं नाही, आणि त्याची बायको अजून कचेरीत खेटे घालतेय.

मोर्चा पहाटे ५ ला निघेल, १० ला आंब्याखाली थांबेल, ऊन कललं की पुढे. गरोदर बाया, म्हातारी माणसं बैलगाडीत. प्रत्येक पाड्यानं एक भरलेली घागर आणि दोन जुनी लुगडी आणायची. घागर कोण उचलणार, ते आत्ताच ठरवा.