गोळी वाटली आणि गोळी गिळली



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगारवाढीवर बोलणार, अशी आपली समजूत असेल. आज आम्ही रोगराईवर बोलणार आहोत, आणि तेही औषधांवर नव्हे, तर औषधांच्या हिशेबावर. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकापुढे, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु एक वस्तू आम्हाला चांगली कळते, ती म्हणजे हजेरीपट.

१९७२ च्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जात असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण आठवड्याचे किती दिवस भरले हे तिला तोंडपाठ असे, आणि मुकादमाने एक दिवस जरी खाल्ला तरी पगाराच्या वेळी ती पदर खोचून उभी राही. मस्टरवर खोटी नावे चढत नव्हती असे नाही. पण खरे नाव सहसा गळत नसे, कारण ज्याचे नाव त्याची त्यावर नजर असे. आता दवाखान्याच्या नोंदवहीकडे पाहा. तिच्यात आपले नाव आहे की नाही, आणि आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी आजवर डोळ्यांनी पाहिले आहे?

विदर्भात नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीपायाचा रोग पुष्कळ वर्षांचा. डासामार्फत पसरणारे हे जंतू रक्तात रात्रीच्या वेळी वर येतात. म्हणून तपासणीसाठी लोकांना रात्री उठवून बोटातून रक्त घ्यावे लागते. रात्री अकराला दार ठोठावणाऱ्याचे स्वागत कसे होते, हे सांगायला नको. रोग आटोक्यात आणण्यासाठी आजारी आणि धडधाकट अशा साऱ्या गावालाच वर्षातून एकदा गोळ्या देतात. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून दोनऐवजी तीन औषधे एकत्र द्यायला आरंभ झाला. या मोहिमेचा सारा डोलारा एका आकड्यावर उभा आहे: एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के लोकांच्या पोटात गोळी गेली पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढी गेली नाही तर जंतू शिल्लक राहतात आणि डास त्यांना घरोघर पोचवीत राहतो.

आता हजार वस्तीचे एक गाव कल्पू. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बायका आणि फार आजारी माणसे यांना गोळी द्यायची नसते. ती वगळून उरले समजा ८५०. त्यांतल्या ६८० जणांच्या हातात गोळ्या पडल्या. कचेरीत लिहितील: ८० टक्के काम. ८५० शी तुलना केली तर ते खोटे नाही. हजाराशी केली तर ६८ टक्के. तेही ठीक, परीक्षा पास. पण त्या ६८० पैकी पाचव्या हिश्शाने गोळी फडताळात ठेवून दिली असेल, तर प्रत्यक्ष गिळणारे ५४४, म्हणजे ५४ टक्के. गाव नापास झाले आणि कागदावर कोणी खोटे लिहिले असेही नाही! 'दिली' आणि 'गिळली' या दोन क्रियापदांत सारे बिघडले. लोक तरी का गिळीत नाहीत? धडधाकट माणसाला वाटते, मला काय धाड भरली आहे? आणि ज्याच्या अंगात जंतू असतात त्याला ते मरताना ताप येतो, चक्कर येते. शेजाऱ्याने ते पाहिले की पुढच्या साली तो गोळी खिशात टाकतो.

समोर उभे राहून गिळायला लावावी, असा नियम आहे. पण ते काम कोण करते? आशाताई. तिला कामागणिक मोबदला, एका हातात गोळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि बैठकीत टक्का कमी दिसला की चारचौघांत बोलणी. जिथे कमी आकड्याबद्दल बोलणी खावी लागतात तिथे कमी आकडा येणारच नाही. हे आम्ही कारखान्याच्या अपघात-नोंदवहीतही पाहिले आहे.

क्षयाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी ओळखले. १९५६ मध्ये मद्रासला प्रयोग सुरू झाला: रोग्याला आरोग्यधामात ठेवण्याऐवजी घरीच औषध दिले तर चालेल काय? त्या मंडळींनी रोग्याच्या शब्दावर विसंबून न राहता अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. म्हणूनच १९५९ मध्ये त्यांनी घरचा उपचार आरोग्यधामाइतकाच गुणकारी ठरतो असे सांगितले, तेव्हा जगाला ते मानावे लागले.

कुष्ठरोगाची गोष्ट निराळी. तिथे मोजमापच सरकले. १९९८ मध्ये मोठ्या उपचाराची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आली. रोगी लवकर नोंदवहीतून उतरू लागले, आणि एका दिवशी नोंदीत असलेल्यांची संख्या साहजिकच घटली. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरल्याचे जाहीर झाले. घरोघरचा शोध मंदावला. २०१६ मध्ये पुन्हा दारोदार मोहीम काढली, तेव्हा लपलेले रोगी निघालेच.

मग खरा आकडा मिळतच नाही काय? मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास लहान मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार सुरू केले. श्वास मोजल्याशिवाय रोग ओळखता येत नाही आणि सुईणींना तर बारापुढे मोजता येत नव्हते. त्यांनी मण्यांची चौकट आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी हात पोचला तर न्यूमोनिया. अडाणी बाईला दोष न देता मोजण्याचे साधनच तिच्या हाताजोगे केले! आणि आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. विचारणारी बाई शेजारची असली की सांगणाऱ्याची जीभ मोकळी होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सोजिर घरात शिरत, तेव्हा लोकांनी रोगीच लपवले, हे आपण जाणताच.

दुसरा उपाय आमच्या फार आवडीचा. आपल्या देशाची जन्ममृत्यूची नमुना-नोंदणी १९६० नंतरच्या दशकात सुरू झाली. तिच्यात एक माणूस वर्षभर नोंदी ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस, पहिल्याची वही न पाहता, घरोघर फिरतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. समजा पहिल्याला ४० नोंदी सापडल्या, दुसऱ्याला ३०, आणि त्या तिसांतल्या २४ पहिल्याकडेही होत्या. म्हणजे पहिल्याची नजर तिसांत चोवीस, शेकडा ८० पकडते. तेव्हा त्याचे ४० हे एकूणाचे शेकडा ८० असणार, म्हणजे खरा आकडा सुमारे ५०. दोन्ही याद्यांत मिळून नावे ४६ च होती. जे चार कोणालाच दिसले नाहीत त्यांचाही माग लागला. ही युक्ती वाचली तेव्हा आम्ही ग्रंथालयात उभ्याउभ्याच टाळी दिली होती.

हे सगळे आम्ही शहाणपणाने सांगतो आहोत असे समजू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कामगार वस्तीत क्षयरोगी शोधायची मोहीम होती. मदतीला युनियनची पोरे दिली आणि आम्हीही तक्ते घेऊन निघालो. तीन दिवसांत दोनशे खोल्या. तक्त्यात प्रश्न: दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय? उत्तराला रकाने दोन, 'हो' आणि 'नाही'. रात्रपाळीवाल्यांच्या खोल्या बंद. शेजाऱ्याला विचारले, तो म्हणाला, "काही नाही त्याला." आम्ही 'नाही' लिहिले. काही ठिकाणी तर शेजारीही नव्हता. तिथेही 'नाही' लिहिले. संध्याकाळी दोनशेच्या दोनशे खोल्या पुऱ्या झाल्या म्हणून चहा झाला.

पाच महिन्यांनी त्यांतल्या एका खोलीतला माणूस रक्त ओकला. ठेकेदाराकडचा मजूर, बायको आणि दोन पोरे एकाच खोलीत. पुढे धाकट्या मुलीलाही क्षय निघाला. आम्ही तक्ता काढून पाहिला. 'नाही'. अक्षर आमचेच.

तो बरा होऊ लागल्यावर आम्ही विचारले, खोकला होता तर दवाखान्यात का गेला नाहीस? तो म्हणाला, "अण्णा, नाव लागलं असतं तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी फाटकात घेतलं नसतं." १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजारभत्ता घेणाऱ्या कामगाराला त्या मुदतीत काढून टाकायला मनाई केली. पण ज्याची वर्गणीच ठेकेदाराने भरली नाही, त्याला कसला भत्ता आणि कसला कायदा? म्हणजे आम्ही दार ठोठावले असते आणि तो घरी असता, तरी त्याने 'नाही'च सांगितले असते. हे कळल्यावर आमचा अपराध हलका झाला नाही. फक्त काम दुप्पट झाले. आधी ठेकेदाराशी भांडून वस्तीतल्या मजुरांची नावे विम्यात चढवली. त्याला आठ महिने लागले.

त्यानंतर आम्ही पुन्हा तीच वस्ती फिरलो, या खेपेस दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बारा ते दोन. दोन टोळ्या, एकमेकींच्या याद्या न पाहता. एका टोळीबरोबर तोच माणूस होता. त्याचा सहा महिन्यांचा उपचार पुरा झाला होता. काही लोकांनी आम्हाला सांगितले नाही ते त्याला सांगितले. आणि तक्त्यात 'हो' व 'नाही' यांच्या शेजारी आम्ही पट्टीने एक रेघ मारून तिसरा रकाना केला. त्याच्या माथ्यावर लिहिले: 'दार बंद होते'. पहिल्या रात्री त्या रकान्यात एकतीस खुणा पडल्या. दुसऱ्या रात्री त्या एकतीस दारांपासूनच सुरुवात केली.