नगरपालिका नको म्हणणारं गाव

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिअ‍ॅटलचा नकाशा उघडला, की येस्लर वे या रस्त्यापाशी नजर अडखळते. उत्तरेकडचे रस्ते तिथे दक्षिणेकडच्या रस्त्यांना सरळ भेटतच नाहीत. या तिरपागड्या चौकांचं मूळ २३ मे १८५३ या तारखेत आहे. त्या दिवशी वसाहतीचे दोन आराखडे नोंदवले गेले. आर्थर डेनी आणि कार्सन बोरेन यांनी रस्ते किनाऱ्याला धरून आखले होते. शेजारच्या डॉक्टर मेनार्डनी होकायंत्र प्रमाण मानलं. डेनींनी पुढे आपल्या आठवणींत सगळं खापर डॉक्टरांच्या दारूवर फोडलं. डेनी दारूला न शिवणारे गृहस्थ, तेव्हा ही साक्ष जरा बेतानंच घ्यावी. हा वाद सोडवायला गावात नगरपालिका नव्हती, हे मात्र खरं.

नगरपालिका नव्हती, पण गिरणी होती. हेन्री येस्लरने वाफेवर चालणारी लाकूडगिरणी इथेच घालावी म्हणून लोकांनी आपापल्या जमिनीच्या हद्दी सरकवून त्याला पट्टा मोकळा करून दिला. घरं, धक्का, पगार, सगळं त्या गिरणीभोवती उभं राहिलं.

१८६५ मध्ये नगरपालिका आली आणि कर, नियम, दंडही आले. त्या वर्षीचा एक नियम ऐकण्यासारखा आहे: गोऱ्या मालकाकडे कामाला असलेल्या आणि त्यानेच राहायला जागा दिलेल्या आदिवासींखेरीज इतर आदिवासींनी गावात राहू नये! दुवामिश आणि सुक्वामिश लोकांच्या ज्या मुखियाचं नाव गावाने घेतलं, त्याच्याच माणसांना ही बंदी. पण गोऱ्या रहिवाशांनाही ही नगरपालिका फार दिवस मानवली नाही. त्यांनी अर्ज केला आणि १८६७ मध्ये प्रादेशिक विधिमंडळाने ती चक्क बरखास्त केली. १८६९ च्या डिसेंबरात ती पुन्हा स्थापन झाली.

तरीही जमाव कायद्याला जुमानत नव्हता. ७ फेब्रुवारी १८८६ रोजी घराघरांत शिरून सुमारे ३५० चिनी रहिवाशांना धक्क्यावर हाकलत नेण्यात आलं. त्यांतल्या जवळपास दोनशेंना बोटीत बसवून धाडून दिलं. तेव्हा महापौर होता तोच लाकूडगिरणीवाला येस्लर. अखेर राज्यपालांना लष्करी कायदा पुकारावा लागला.

मग ६ जून १८८९ ची दुपार. एका सुतारकामाच्या दुकानात तापत ठेवलेला सरस पेटला. खाली भुसा, वर लाकडी इमारती. स्वयंसेवक जवान धावून आले, पण त्यांचा प्रमुख सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला. पाणी खासगी कंपनीचं, बऱ्याच ठिकाणी पोकळ ओंडक्यांच्या नळांतून येणारं. एकाच वेळी बरेच होस जोडताच पाण्याचा दाब घसरला. समुद्रातून पाणी उपसावं, तर नेमकी ओहोटी. महापौर रॉबर्ट मोरानने वाटेतल्या इमारती सुरुंगाने उडवायला लावल्या, तरी व्यापारी पेठ राख झाली.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली. जॉन्सटाउन शहरातल्या पूरग्रस्तांसाठी आधी कबूल केलेला निधी आता स्वतःलाच ठेवावा का, असा प्रश्न निघाला. तो पाठवायचाच, असं ठरलं. पेठेत यापुढे वीट-दगडाचंच बांधकाम, हेही ठरलं. महिनाभरात, ८ जुलैला, सीडर नदीवरून सार्वजनिक पाणीपुरवठा आणण्याच्या बाजूने १,८७५ मतं पडली, विरोधात ५१. वीस-बावीस वर्षांपूर्वी नगरपालिकाच मोडीत काढणारं हेच गाव! ऑक्टोबरात पगारी अग्निशामक दलही आलं.

रस्त्यांचं काम मात्र फार गमतीचं झालं. खालची पेठ भरतीच्या पातळीला लागून असल्याने भरती आली की सांडपाणी उलटं घरात शिरे. म्हणून रस्ते उंच करायचं ठरलं. पण दुकानदारांना कुठला धीर! त्यांनी जुन्याच पातळीवर पक्क्या इमारती उठवल्या. मग दोन्ही बाजूंना भिंती घालून मधला रस्ता वर चढला आणि पदपथ खड्ड्यात राहिला. समोरच्या दुकानात जायचं तर शिडीने चढा, रस्ता ओलांडा, पुन्हा शिडीने उतरा. लांब झग्यातल्या बायकांचं काय होत असेल, कल्पनाच करावी. पुढे वरच्या पातळीवर नवे पदपथ झाले आणि जुने तळमजले तळघरं बनले.

१८८० मध्ये ३,५३३ वस्तीचं हे गाव १८९० मध्ये ४२,८३७ वर गेलं होतं. ज्या पाण्यासाठी मतं पडली, ते सीडर नदीचं पाणी नळाला यायला १९०१ साल उजाडलं. तोवर वस्ती ऐंशी हजारांच्या वर पोहोचली होती.