पुरावा कुणी द्यायचा?

(लोणावळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

फौजी पेन्शन हा आपल्या मावळाला परका विषय नाही. आयएनएस शिवाजी १९४५ पासून इथे आहे, नौदलाचे कस्तुरी रुग्णालय आहे, खाली देहूरोडची छावणी आहे. निवृत्तांच्या कपाटात एक फाइल हमखास असते, आणि काहींच्या फाइलीत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही. मेडिकल बोर्डाच्या या ओळीवर अपंगत्व पेन्शन अडते. मग पहिले अपील, दुसरे अपील, शेवटी मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथेही कधीकधी निकाल लागत नाही. आणखी वैद्यकीय पुरावा हवा म्हणून प्रकरण पुन्हा बोर्डाकडे जाते.

पण पुरावा द्यायचा कुणी? धरमवीर सिंग नावाचे जवान १९८५ मध्ये सैन्यात भरती झाले तेव्हा ठणठणीत होते. नऊ वर्षांनी झटके येतात म्हणून त्यांना घरी पाठवले आणि पेन्शन नाकारली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पेन्शनच्या हक्काबाबतच्या १९८२ च्या नियमांवर बोट ठेवले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असे धरायचे. तसे नाही म्हणायचे असेल, तर कारणे बोर्डाने लिहायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. इथे बोर्डाने कारणच दिले नव्हते. न्यायालयाने ते विचारायला कागद परत धाडले नाहीत, पेन्शन मंजूर केली.

गंमत अशी, की त्याच महिन्यात त्याच न्यायालयाने वीरपाल सिंग यांचे प्रकरण मात्र फेरतपासणी बोर्डाकडे पाठवले. तिथे स्किझोफ्रेनियाचे निदानच संशयास्पद होते, आणि न्यायाधिकरणाने डॉक्टरांचे मोघम मत जसेच्या तसे उचलले होते. मला दोन्ही निकाल बरोबर वाटतात. निदान किंवा टक्केवारी वादात असेल, तर उत्तर डॉक्टरच देऊ शकतात. नुसते कारण लिहायचे राहिले असेल, तर परत पाठवणे म्हणजे बोर्डाला कारण शोधायला सवड देणे. ती सवड जवानाच्या वयातून जाते, म्हणून मला ती अन्यायाची वाटते.

टक्केवारीचे महत्त्व कमी नाही. जुन्या नियमांत किमान २० टक्के अपंगत्व लागते, आणि १९९६ नंतरच्या तरतुदीनुसार २० चे ५० धरले जातात. १९ आणि २० मध्ये घरखर्च चालतो की नाही, एवढे अंतर आहे. उशिराची किंमतही मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग प्रकरणातील निकालापासून (२००८) थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. शिवाय पेन्शन नसलेल्यांची सेवेतील कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करतात. पुरावा मागायचा आणि तो जाळूनही टाकायचा, हा न्याय मला कधी कळला नाही.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी धरमवीर सिंगांचा निकाल जशाचा तसा आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

ज्यांचे प्रकरण परत गेले आहे, त्यांनी आदेशात दोन गोष्टी पाहाव्यात : बोर्डाला नेमका प्रश्न कोणता विचारला आहे, आणि मुदत किती दिली आहे. मुदत नसेल तर वकिलांना ती मागायला सांगा. ओपीडीच्या चिठ्ठ्या, बदल्यांचे आदेश आणि डिस्चार्ज बुक बोर्डाला दाखवा, पण मूळ प्रत हातची सोडू नका.